दारासमोरच्या पार्किंगचं भांडण: मालकी सांगू नका, कारण विचारा

उत्तर लंडनमध्ये बार्नेट नावाचा भाग आहे. तिथल्या ज्या गल्ल्यांमध्ये पार्किंगवर नियंत्रण आहे, तिथं राहणाऱ्यांना घरासमोरच्या रस्त्यावर गाडी लावायची तर वर्षाचा परवाना घ्यावा लागतो. पहिल्या गाडीचा परवाना ४० पौंडांना मिळायचा. २०११ साली बार्नेट कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं, तो एकदम १०० पौंडांवर नेला. घरी पाहुणे आले की त्यांच्या गाडीसाठी कूपन लागतं, ते १ पौंडाचं ४ पौंडांना झालं. एकट्या राहणाऱ्या, रोज कुणाची तरी मदत लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही चौपट वाढ किती जड गेली असेल, हे वेगळं सांगायला नको.

लोक चिडले, एकत्र आले आणि त्यांच्यातल्याच एका रहिवाशानं, जो पेशानं वकील होता, कौन्सिलला उच्च न्यायालयात खेचलं. २२ जुलै २०१३ रोजी न्यायमूर्ती लँग यांनी निकाल दिला: दरवाढ बेकायदा.

हा खटला आपल्याकडच्या प्रत्येक दुकानदारानं, बंगलेवाल्यानं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीनं समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कारण त्या रहिवाशानं न्यायालयात काय सांगितलं यापेक्षा काय सांगितलं नाही, ते जास्त शिकण्यासारखं आहे. 'घरासमोरचा रस्ता माझा आहे' असं तो म्हणाला नाही. '१०० पौंड फार होतात' यावरही त्यानं खटला उभा केला नाही. त्यानं एकच गोष्ट विचारली: ही वाढ कशासाठी केली? आणि ज्या कारणासाठी केली, ते कारण कायद्यात आहे का?

आपल्याकडे भांडण नेमकं उलट्या बाजूनं सुरू होतं. दुकानासमोर 'नो पार्किंग'चा फलक लागला की मालक म्हणतो, 'माझ्या दुकानासमोरची जागा आहे, मी घरपट्टी भरतो.' पालिका म्हणते, 'रस्ता आमचा आहे.' पुढची सगळी शक्ती मालकीच्या वादात खर्च होते, आणि त्या वादात मालक जवळजवळ नेहमीच हरतो. म्हणून आधी मालकीचा प्रश्न मिटवून टाकू.

मिळकतीची हद्द सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर जिथं संपते, तिथं मालकाची सत्ता संपते. त्यापुढचा सार्वजनिक रस्ता, फुटपाथ आणि कडेचं गटार हे महापालिका कायद्यांनुसार महापालिकेकडे निहित, म्हणजे कायद्यानं सोपवलेलं, असतं. मुंबईचा कायदा १८८८ सालचा आहे, बाकीच्या महापालिकांचा १९४९ सालचा. दोन्हींत हीच व्यवस्था आहे. घरपट्टी मिळकतीवर असते. ती भरल्यानं समोरच्या रस्त्याचा एक वीतभर तुकडाही आपला होत नाही. त्यामुळे रस्त्यावर कुंड्या मांडणं, साखळी बांधणं, दगड रंगवून ठेवणं किंवा स्वतःच 'नो पार्किंग' लिहिलेला खांब रोवणं, यातल्या कशालाच कायद्याचा आधार नाही. वाहतुकीच्या खुणा आणि फलक कोणी लावायचे हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ मध्ये ठरलेलं आहे, आणि त्यात मिळकतदार नाही.

पण आता दुसरी बाजू. पालिकेकडे रस्ता 'निहित' असतो म्हणजे आपलं घर जसं आपलं असतं तसा तो तिचा असतो का? तर नाही. आणि सगळ्या वादाची किल्ली इथं आहे.

१९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मंगलौर नगरपालिकेचा खटला आला. हे कर्नाटकातलं नव्हे, तर हरिद्वारजवळचं, तेव्हा उत्तर प्रदेशात असलेलं मंगलौर. तिथं डांबरी सडक आणि गटार यांच्यामधली मोकळी पट्टी होती. नगरपालिकेला त्यावर महात्मा गांधींचा पुतळा, पाणपोई आणि वाचनालय उभारायचं होतं. यापेक्षा चांगला हेतू कोणता असणार? तरीही न्यायालयानं नगरपालिकेविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: कडेची पट्टीही साधारणपणे रस्त्याचाच भाग असते, आणि रस्ता नगरपालिकेकडे येतो तो रस्ता म्हणून सांभाळण्यासाठी. रस्त्याशी संबंध नसलेलं बांधकाम करायला ती जागा वापरता येत नाही.

म्हणजे पालिकेच्या हातात रस्ता आहे, पण तो एका कामापुरता. ती विश्वस्त आहे म्हटलं तरी चालेल. विश्वस्ताला 'तू मालक किती' असं विचारून काही हाती लागत नाही. त्याला हिशेब आणि कारण विचारायचं असतं.

इंग्लंडमध्येही रस्त्याची मालकी अशीच मर्यादित आहे, उलट आपल्यापेक्षा जास्त बारकाईनं मोजलेली. तिथं जुनं गृहीतक असं की रस्त्याखालची जमीन मध्यरेषेपर्यंत शेजारच्या जमीनमालकाची असते. रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे येतो तो वरचा थर. तो किती खोल, यावरही न्यायालयांनी विचार केलेला आहे: साधारण दोन कुदळींच्या खोलीइतका, रस्ता राखायला लागेल तेवढा. तरीही घरासमोर गाडी लावण्याचा हक्क त्या जमीनमालकाला मिळत नाही. सार्वजनिक रस्ता हा जाण्यायेण्यासाठी आहे, साठवणुकीसाठी नाही, हे तत्त्व तिथंही तितकंच पक्कं आहे.

आता बार्नेटकडे परत येऊ, कारण कारणांचा प्रश्न तिथं सर्वांत स्वच्छ दिसतो.

इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगचं नियंत्रण १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यानुसार होतं. या कायद्याचं कलम १२२ पालिकांना सांगतं की हे अधिकार वाहतूक सुरळीत, सोयीची आणि सुरक्षित राहावी यासाठी वापरा. त्यात पादचारीही आले. पार्किंगची पुरेशी सोय बघा, आणि हे करताना लोकांना आपापल्या मिळकतीत नीट जाता-येता येईल याचा विचार ठेवा. त्याच कायद्याचं कलम ५५ पैशांविषयी आहे. रस्त्यावरच्या पार्किंगचा हिशेब वेगळा ठेवायचा, आणि त्यात शिल्लक उरलीच तर ती कुठं खर्च करता येईल याची यादी दिलेली आहे: रस्त्याबाहेरचे वाहनतळ, सार्वजनिक वाहतूक, रस्त्यांची सुधारणा, अशा गोष्टी.

बार्नेट कौन्सिलनं या कलम ५५ चा आधार घेतला. त्यांचा युक्तिवाद असा होता की शिल्लक वाहतुकीच्या कामांवर खर्च करायला कायदाच परवानगी देतो, मग त्या कामांसाठी पैसा उभा करायला दर वाढवले तर बिघडलं कुठं? ऐकायला हे पटण्यासारखं आहे. रस्त्यांची दुरुस्ती, प्रवासभाड्यातली सवलत, ही काही वाईट कामं नाहीत.

न्यायालयानं इथं एक फरक दाखवला. वाहतूक नीट राहावी म्हणून योग्य दर ठेवले आणि वर्षअखेर शिल्लक पडली, तर ती शिल्लक यादीतल्या कामांवर खर्च करा. पण शिल्लक पाडण्यासाठीच दर वाढवणं हे वेगळं आहे. कलम ५५ उरलेल्या पैशांचं काय करायचं ते सांगतं. पैसा उभा करण्याचा अधिकार ते देत नाही. बार्नेटच्या वाढीमागं पार्किंगची अडचण नव्हती, तिजोरीतली तूट होती, आणि १९८४ चा कायदा हा महसूल गोळा करण्याचा कायदा नाही.

हे तत्त्व २०१३ साली पहिल्यांदा मांडलं गेलं असंही नाही. १९९५ मध्ये लंडनच्याच कॅमडेन कौन्सिलविरुद्ध प्रिमरोझ हिल भागातल्या रहिवाशांनी आणलेल्या प्रकरणात न्यायमूर्ती मॅककुलो यांनी हेच म्हटलं होतं. त्या प्रकरणात रहिवाशांशी सल्लामसलत नीट झाली नाही, हा मुद्दाही कौन्सिलला भोवला आणि पार्किंग योजना रद्द झाली.

मात्र हे शस्त्र कुठंही चालतं असं समजू नका. शेजारच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं दुचाकींना पार्किंग शुल्क लावलं, तेव्हा दुचाकीस्वारांनी 'हा केवळ पैसे काढण्याचा प्रकार आहे' म्हणून आव्हान दिलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं ते फेटाळलं, पुढं अपीलही फेटाळलं गेलं. कारण तिथं कौन्सिलला दाखवता आलं की दुचाकींसाठी जागेची मागणी खरोखर वाढली होती आणि तिचं नियोजन करायचं होतं. पैसाही मिळाला, पण हेतू वाहतुकीचा होता. दोन्ही कौन्सिलांनी पैसा घेतला. एक हरली, एक जिंकली. फरक पडला तो कागदांवर नोंदलेल्या कारणानं. बैठकीच्या टिपणात 'वाहतूक कोंडी' लिहिलंय की 'अंदाजपत्रकातली तूट', यावर खटले फिरतात.

आपल्याकडे हे कितपत लागू होतं? इंग्लंडचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण विचाराचा पाया आपल्या संविधानातही आहे. अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता किंवा वसूल करता येत नाही. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कर आणि शुल्क यांत भेद केला: शुल्क हे दिलेल्या सेवेच्या बदल्यात असतं, कर तसा नसतो. नंतरच्या निकालांनी हा नियम बराच सैल केला. पैशाला पैसा जुळलाच पाहिजे असं आता नाही. तरी शुल्क आणि सेवा यांचा काहीतरी खरा संबंध असावा लागतो. रस्त्यावरच्या पे अँड पार्कबद्दल हा प्रश्न विचारता येतो, आणि विचारला गेला पाहिजे.

पुण्याचं उदाहरण घ्या. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेनं मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. मोठा विरोध झाला, मोर्चे निघाले, आणि ते प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरतं मर्यादित करण्यात आलं. तेही वर्षानुवर्षं मार्गी लागलं नाही. त्या वेळच्या चर्चेत 'आम्ही पैसे का द्यायचे' हा आवाज सगळ्यात मोठा होता. माझं मत असं आहे की हा प्रश्न चुकीच्या टोकाला धरला गेला. गजबजलेल्या रस्त्यावर चार-पाच तास गाडी उभी करण्यासाठी पैसे मोजावेत, यात गैर काहीच नाही. फुकट जागेमुळे नुकसान होतं ते त्या रस्त्यावरच्या दुकानदाराचंच, कारण सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलत नाही आणि गिऱ्हाईकाला जागा मिळत नाही. विचारायला हवं होतं ते वेगळं: गोळा झालेल्या पैशांचं स्वतंत्र खातं असेल का, त्यातून कोणते फुटपाथ, कोणत्या बस, कोणते वाहनतळ होतील, आणि दर कोणत्या पाहणीवरून ठरले? हे प्रश्न जोरानं विचारले गेले असते तर कदाचित चांगलं धोरण पदरात पडलं असतं.

मुंबईत ७ जुलै २०१९ पासून महापालिकेनं सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी लावणाऱ्यांना हजारो रुपयांचा दंड सुरू केला. वाहनतळ रिकामे आणि रस्ते भरलेले, हे चित्र बदलणं हा हेतू होता, आणि तो योग्यच होता. पण ज्या जुन्या चाळी-इमारती बांधल्या गेल्या तेव्हा पार्किंगची अटच नव्हती, तिथल्या माणसानं रात्री गाडी कुठं लावायची, हा प्रश्नही तितकाच खरा होता. अशा ठिकाणी रहिवाशांसाठी कमी दराचा रात्रीचा पास ही मागणी करता येते. दंडाला सरसकट विरोध करण्यापेक्षा ती जास्त टिकते.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे खूप लोक चुकीच्या दारात उभे राहतात. इंग्लंडमध्ये पार्किंगचं सगळं बहुतेक एकाच कौन्सिलच्या हातात आहे. तिथं नवा निर्बंध आणायचा तर प्रस्ताव जाहीर करावा लागतो, हरकतींसाठी किमान २१ दिवस द्यावे लागतात, आणि आदेश निघाल्यावर ६ आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. आपल्याकडे काम विभागलेलं आहे. रस्ता महापालिकेचा, पण 'नो पार्किंग'चा आदेश बहुधा वाहतूक पोलिसांचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार वाहनं उभी करण्याच्या जागा राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी ठरवतो, आणि तेही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. म्हणजे दुकानासमोर फलक लागला तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन वाद घालण्याआधी विचारा, आदेश कुणाचा, तारीख काय, आणि विचारविनिमय झाला का.

पुण्यात वाहतूक शाखा असे आदेश बऱ्याचदा आधी तात्पुरते काढते आणि नागरिकांच्या हरकती-सूचना मागवते. पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखेची व्यवस्थाही अशाच आदेशांतून येते. ही हरकतीची मुदत म्हणजे मिळकतदाराची सर्वांत मोठी संधी असते, आणि ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या छोट्या बातमीत निघून जाते. मुदतीत हरकत नोंदवलेली नसेल तर नंतर न्यायालयातही पहिला प्रश्न तोच येतो: तेव्हा कुठं होता?

हरकत कशी लिहावी? 'आमच्या धंद्याचं नुकसान होतं' एवढंच लिहिलं तर ते फाइलला लागून राहतं. त्याऐवजी पर्याय द्या. रस्ता किती रुंद आहे, कोंडी कोणत्या वेळेत होते, माल उतरवायला गाडी केव्हा येते, दवाखाना असेल तर रुग्णाला दारापर्यंत आणायची सोय काय. पूर्ण बंदीऐवजी सकाळी आठ ते अकरा माल उतरवायला मुभा मागितली तर अधिकाऱ्याला 'हो' म्हणायला जागा राहते. गल्लीतल्या दहा दुकानांनी मिळून एक पर्यायी नकाशा दिला तर त्याचं वजन दहा वेगवेगळ्या तक्रारींपेक्षा कितीतरी जास्त पडतं.

एक हक्क मात्र मालकाकडे पक्का आहे, आणि तो सोडू नये. रस्त्याला लागून मिळकत असलेल्याला रस्त्यावरून आपल्या मिळकतीत जाण्या-येण्याचा हक्क असतो. गाडी लावण्याचा नव्हे, जाण्या-येण्याचा. दुसऱ्याच्या प्रवेशद्वाराची वाट अडवून गाडी उभी करायला वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांत मनाई आहे. त्यामुळे फाटकावर स्वतः लावलेली पाटी ही नुसती विनंती असली, तरी वाट अडली असेल तर वाहतूक पोलिसांना बोलावण्याचा अधिकार त्या पाटीवर अवलंबून नसतो. पालिका दारासमोरच पे अँड पार्कचे पट्टे आखत असेल किंवा फुटपाथ बांधताना फाटकापुढे उतार ठेवत नसेल, तर तक्रार याच हक्कावर उभी करावी. इंग्लंडमध्ये यासाठी फुटपाथची कड उतरवून घ्यायला कौन्सिलची परवानगी आणि खर्च दोन्ही लागतात. तो उतार झाला की त्याच्या आड गाडी लावणं हा नियमभंग ठरतो, आणि घरमालकानं सांगितलं तर दंड होतो.

पालिकेच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. रस्त्यावर जागा नाही म्हणून तक्रार करणाऱ्या कित्येक इमारतींत मंजूर नकाशावर पार्किंग असतं. ते प्रत्यक्षात गोडाऊन झालेलं असतं, स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, भिंती घालून गाळे काढलेले असतात, किंवा पुढच्या मोकळ्या जागेत, ज्याला सगळे फ्रंट मार्जिन म्हणतात, शेड टाकून दुकान वाढवलेलं असतं. अशा बदलावर पालिका महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ नुसार नोटीस काढू शकते आणि पूर्ववत करायला लावू शकते. मुंबई वगळता बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू झाली, आणि घरांच्या व दुकानांच्या क्षेत्रफळानुसार किती गाड्यांची जागा हवी हे तिच्यात दिलेलं आहे. सोसायट्यांसाठी २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही. म्हणून समोरच्या रस्त्यासाठी लढण्याआधी आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा काढून बघावा. स्वतःच्या स्टिल्टमध्ये गोडाऊन असताना केलेली हरकत एका सुनावणीत कोसळते.

नकाशा स्वच्छ असेल, तर पुढचं काम कागदांचं आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली तीन गोष्टी मागा: निर्बंधाच्या आदेशाची आणि त्यामागच्या टिपणांची प्रत, आदेशाआधी केलेल्या वाहतूक पाहणीचा अहवाल, आणि शुल्क घेतलं जात असेल तर ठेकेदाराशी झालेला करार आणि जमा-खर्चाचा तपशील. उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते. पाहणी झालीच नव्हती असं उत्तर आलं, किंवा टिपणात वाहतुकीऐवजी फक्त उत्पन्नाचा आकडा सापडला, तर वकिलाकडे जाताना रिकाम्या हातानं जावं लागणार नाही.